कानाने लिहिलेले कानानेच शोधावे

वाचकहो, 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार तुम्हाला ठाऊक आहेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत मूळ शब्द 'धरावे' असा होता आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून तो 'मारावे' केला, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी, हा वाद इतिहासकारांचा. आपल्याला आज त्यातले एवढेच हवे आहे : कागदावर जेमतेम एका अक्षराची फिरवाफिरव झाली, पण कानावर पडणारा शब्द पार बदलला आणि अर्थ तर जिवावर बेतला.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र याच्या नेमकी उलटी. कागदावर अक्षरे निराळी, पण कानाला शब्द एकच. अशा शब्दांना पुन्हा एकत्र कसे आणायचे, याचा माणसाने शंभर वर्षे विचार केला आहे. त्या विचाराचा थोडा इतिहास, आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्याला त्याची गरज का आहे, हे आज पाहू.

प्रथम आपल्या गावांकडे पाहा. जिल्ह्याचे नाव कोणी 'नंदुरबार' लिहितो, कोणी 'नंदूरबार'. कोणी 'शहादा' म्हणतो, कोणी 'शहादे'. 'तळोदा' आणि 'तळोदे' दोन्ही चालतात. 'नवापूर'चा 'पू' कधी दीर्घ तर कधी ऱ्हस्व. खुद्द प्रांताचे नाव 'खानदेश' की 'खान्देश', यावरही एकमत नाही. १९४२ साली ९ सप्टेंबरला नंदुरबारात पोलिसांच्या गोळीबारात ज्या शाळकरी मुलाने प्राण दिले, त्याचे नाव आपण मोठ्या अभिमानाने घेतो. पण लिहिताना कोणी 'शिरीषकुमार' लिहितो, कोणी 'शिरिषकुमार', तर कोणी 'शिरीशकुमार'. उच्चारात कोणाची चूक होत नाही. चौकात उभे राहून तुम्ही ते नाव घ्या, लहान पोरही तुम्हाला स्मारकाकडे घेऊन जाईल. यंत्रापुढे मात्र ही तीन नावे तीन माणसांची होतात.

आता माणसांच्या आडनावांकडे वळू. आपल्याकडची वळवी, पाडवी, गावित, वसावे, पावरा ही आडनावे घ्या. महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत माझ्या हातून शेकडो कागद जातात. एका मुलीच्या दाखल्यावर 'वळवी', जातीच्या प्रमाणपत्रावर 'वलवी', आणि बँकेच्या पुस्तकावर इंग्रजीत तिसरेच काही, असा प्रकार मी पाहिला आहे. मुलगी एक, बाप एक, गाव एक. पण कागद म्हणतात, या तिघी! तिचा बाप मला म्हणाला, "सर, आम्ही तर एकच नाव सांगितलं होतं." त्याचे म्हणणे अगदी खरे होते. त्याने नाव सांगितले होते आणि लिहिले दुसऱ्याने. जो लिहीत होता त्याने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले.

हे असे का होते? याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तसे म्हणणे न्यायाचे नाही. त्याची मुळे आपल्या लेखनाच्या इतिहासात आहेत.

आपली जुनी दप्तरे मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचा व्यवहार चालू होता. मोडी ही लगबगीने, हात न उचलता लिहायची लिपी. तिच्यात इ-उ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा पाळला जात नसे. लिहिणाऱ्या कारकुनाला त्याची गरजच वाटत नव्हती, कारण वाचणारा माणूस होता आणि तो संदर्भाने शब्द ओळखत होता. मग छापखाने आले, बाळबोध लिपीतले ग्रंथ आले, कोश आले. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. तीत सुमारे ६० हजार शब्द होते. कोश म्हटला की शब्दाला एक ठरावीक जागा लागते. जो शब्द लोक दोन-तीन तऱ्हांनी बोलतात, तो कोणत्या अक्षराखाली घालायचा, हा प्रश्न कोशकारापुढे उभा राहतो. शोधणारा भलत्याच अक्षराखाली शोधील, तर शब्द कोशात असूनही त्याला सापडणार नाही. आपल्या विषयाचे मूळ दुखणे ते हेच.

पुढे शुद्धलेखनाचे नियम आले. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्याआधीची पुस्तके उघडून पाहा. 'नाहीं', 'केलें', 'घरांत' असे अनुस्वार जागोजागी दिसतील. 'कवि', 'बुद्धि' हे शब्द ऱ्हस्वान्त दिसतील. नव्या नियमांनी हे अनुस्वार गेले आणि 'कवि'चा 'कवी' झाला. म्हणजे आपल्या आजोबांनी ज्यासाठी गुण मिळवले, त्यासाठी नातवाचे गुण कापले जाऊ लागले. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे मनात ठेवावे असे मला वाटते. शुद्धलेखन म्हणजे सर्वांच्या सोयीसाठी केलेला ठराव. तो पाळावा, पण ठराव बदलतो हेही विसरू नये.

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण या दुखण्यावर पहिला पद्धतशीर इलाज तिकडे झाला. अमेरिकेत जगभरचे लोक जाऊन वसले. जर्मन, पोलिश, आयरिश, इटालियन, ज्यू. नाव त्यांचे, पण लिहिणारा कारकून इंग्रजी कानाचा. 'स्मिथ' हे साधे नावसुद्धा कोणी 'आय' घालून लिही, कोणी 'वाय' घालून. कचेरीत हजारो नावांची कार्डे अक्षरक्रमाने लावली, की 'आय'वाला स्मिथ एका ठिकाणी आणि 'वाय'वाला दुसऱ्या ठिकाणी. पिट्सबर्ग शहरातील रॉबर्ट रसेल या गृहस्थाने यावर एक युक्ती काढली. १९१८ साली तिचे त्याला पेटंट मिळाले, १९२२ साली दुसरे. पद्धत घडवण्याच्या कामी मार्गारेट ओडेल या बाईंचाही हात होता. पुढे ही पद्धत 'साउंडेक्स' या नावाने प्रसिद्ध झाली. 'साउंड' म्हणजे ध्वनी, आणि 'इंडेक्स' म्हणजे सूची. थोडक्यात, ही ध्वनीवरून लावलेली सूची.

युक्ती अशी. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे. पुढचे स्वर गाळायचे. 'एच', 'डब्ल्यू', 'वाय' हीही गाळायची. उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. पण प्रत्येकाला वेगळा नाही, सारख्या ध्वनीच्या अक्षरांना एकच. 'बी, एफ, पी, व्ही' या ओठांच्या मंडळींना १. 'सी, जी, जे, के, एस' वगैरेंना २. 'डी' आणि 'टी' यांना ३. 'एल'ला ४, 'एम' आणि 'एन' यांना ५, 'आर'ला ६. तीन आकडे झाले की थांबायचे आणि कमी पडले तर शून्य लावायचे. मग स्मिथ 'आय'ने लिहा की 'वाय'ने, दोघांची खूण 'एस ५३०' अशीच येते. पोस्टात पत्रे लावायचे खण असतात ना, तसा हा प्रकार. पत्ता वेड्यावाकड्या अक्षरांत असला तरी जाणता पोस्टमन पत्र बरोबर खणात टाकतो. इथे खण ध्वनीचा असतो, एवढेच. आपले नंदुरबारही या खणात नीट बसते. इंग्रजीत 'यू' घाला, 'ए' घाला, नाही तर दोन 'ओ' घाला. खूण 'एन ५३६' हीच राहते.

या युक्तीचा मोठा उपयोग झाला तो एका फार जिव्हाळ्याच्या कामात. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि म्हाताऱ्या माणसांना निवृत्तिवेतन देण्याचे ठरले. वयाची अट होती ६५ वर्षांची. पण वय सिद्ध कसे करायचे? त्या म्हाताऱ्यांच्या जन्माच्या वेळी कित्येक ठिकाणी जन्मनोंदच होत नव्हती. आपल्याकडे निराधारांच्या अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या आजीबाईंची जी अडचण, तीच तिथेही होती. तेव्हा सरकारने जुन्या जनगणनेची बाडे काढली. १८८० सालच्या जनगणनेत ज्या घरांत १० वर्षांची किंवा त्याहून लहान मुले होती, त्या घरांची साउंडेक्सप्रमाणे कार्डे केली. १८८० साली जे मूल १० वर्षांचे होते, ते १९३५ साली ६५ वर्षांचे झाले, हा सरळ हिशेब. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी जी सरकारी योजना होती, तिच्यातल्या माणसांनी हे काम हातांनी केले. यंत्र नाही, काही नाही. नुसती कार्डे आणि खुणा. एका म्हाताऱ्याला आपले बालपण कागदावर सापडावे आणि त्याच्या भाकरीची सोय व्हावी, म्हणून ही सारी खटपट.

आता याच साउंडेक्सला आपली आडनावे देऊन पाहू. गंमत पाहा. 'वळवी' हे नाव इंग्रजीत कोणी 'व्ही'ने सुरू करतो, कोणी 'डब्ल्यू'ने. पहिल्याची खूण येते 'व्ही ४१०' आणि दुसऱ्याची 'डब्ल्यू ४१०'. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, हा नियमच इथे घात करतो. 'गावित' घ्या. मधला 'व' जर 'व्ही'ने लिहिला तर खूण 'जी १३०', आणि 'डब्ल्यू'ने लिहिला तर 'डब्ल्यू' गळून 'जी ३००'. 'पाडवी'चेही तेच : एकदा 'पी ३१०', एकदा 'पी ३००'. मराठीचा एक 'व', पण इंग्रजीच्या हिशेबी तो कधी ओठांचा ध्वनी, तर कधी काहीच नाही. आणि आपल्या 'ज्ञानेश्वरा'ची तर तीन ठिकाणी विभागणी. आपण मराठी माणसे त्याचे इंग्रजी लेखन 'डी'पासून करतो, पंडित 'जे'पासून करतात, हिंदी भाषक 'जी'पासून करतात. खुणा येतात 'डी ५५२', 'जे ५५२' आणि 'जी ५२६'.

दोष रसेलचा नाही. त्याने आपल्या समाजातल्या कानासाठी पद्धत केली. दुसऱ्यांनाही हा अनुभव आला. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांच्या नावांत 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा हाच घोळ होता. 'मॉस्कोविट्झ' हे एकच नाव दोन अक्षरांनी लिहिले की साउंडेक्समध्ये दोन खणांत जाई. म्हणून १९८५ साली गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डाइच यांनी त्या नावांसाठी निराळी पद्धत बसवली. १९९० साली लॉरेन्स फिलिप्स याने 'मेटाफोन' नावाची पद्धत काढली. इंग्रजीत लिहिलेले पण न उच्चारलेले अक्षर, दोन अक्षरे मिळून होणारा एक ध्वनी, असल्या खाचाखोचा तिने ध्यानात घेतल्या. २००० साली त्यानेच तिची सुधारलेली आवृत्ती केली. तीत एका शब्दाला दोन खुणा देण्याची सोय होती, म्हणजे दोन समाजांत दोन उच्चार असले तरी निभावेल. या इतिहासातून एक धडा मिळतो. कान सगळीकडे सारखा नसतो. ज्या लोकांची नावे शोधायची, त्यांच्या कानाने पद्धत बांधावी लागते.

मग मराठी कानासाठी काय करावे? इथे आपण श्रीमंत आहोत. अमेरिकेत रसेलला जे विसाव्या शतकात करावे लागले, त्याचा पाया आपल्या प्रातिशाख्यकारांनी आणि शिक्षाग्रंथकारांनी फार प्राचीन काळी घालून ठेवला आहे. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करावा. मुलांना 'क, च, ट, त, प' हळूहळू म्हणायला सांगावे. ध्वनी घशातून निघतो आणि टाळूवरून, दातांवरून ओठांपर्यंत चालत येतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. प्रत्येक ओळीतही क्रम आहे : 'प' साधा, 'फ' श्वास सोडून, 'ब' घोष देऊन, 'भ' घोष आणि श्वास दोन्ही देऊन, 'म' नाकातून. रसेलच्या पेटंटातही ओठांचे ध्वनी, दातांचे ध्वनी अशीच विभागणी आहे. पण इंग्रजी वर्णमालेचा क्रम ध्वनीप्रमाणे नाही, म्हणून त्याला ती वरून लादावी लागली. आपल्या पाटीवर ती पहिल्या दिवसापासून आहे.

संगणकाच्या जमान्यातही हा वारसा कामी आला. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे मानक ठरले. क्रम वर्णमालेचा ठेवल्यामुळे एकाच सांकेतिक क्रमांकावर देवनागरीचा 'क' आणि गुजरातीचा 'क' दोन्ही बसले. पुढे सगळ्या जगाने 'युनिकोड' स्वीकारला. त्यात प्रत्येक लिपीला वेगळा गट मिळाला, पण गटातली जागा बहुतांशी तीच राहिली. देवनागरीच्या गटात 'क' जितक्याव्या स्थानावर, तितक्याव्याच स्थानावर गुजरातीच्या गटातही 'क'. आपला जिल्हा गुजरातच्या सीमेवरचा. इकडची लेक तिकडे दिली जाते, ऊसतोडीला आणि मजुरीला माणसे तिकडे जातात. एकाच माणसाचे नाव इकडे मराठीत आणि तिकडे गुजरातीत लिहिले जाते. या व्यवस्थेमुळे यंत्राला साधी वजाबाकी करून दोन लिप्यांतले नाव एकमेकांशी ताडता येते. इंग्रजीची मध्यस्थी लागत नाही, आणि 'व्ही-डब्ल्यू'चा घोळही मिटतो.

आता देवनागरी नावाची ध्वनीखूण कशी करता येईल ते हातांनीच करून पाहू. पाटी-पेन्सिल घेऊन बसलात तरी चालेल.

पहिली पायरी : ऱ्हस्व-दीर्घ एक मानायचे. 'शिरीष' आणि 'शिरिष' जुळले. दुसरी पायरी : 'श' आणि 'ष' एक मानायचे. 'शिरीश'ही त्यांना येऊन मिळाला. तिसरी पायरी : अनुस्वार आणि जोडाक्षरातले अनुनासिक एक मानायचे. 'नंदुरबार' आणि 'नन्दुरबार', 'खांदेश' आणि 'खान्देश' एका खणात आले. शेवटचा, न उच्चारलेला अनुस्वार गाळला की जुन्या पुस्तकातले 'नाहीं' आणि आजचे 'नाही' एकत्र. चौथी पायरी : 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' एक मानायचे. 'वळवी' आणि 'वलवी' भेटले. त्या मुलीचे दोन कागद जुळले!

पाचवी पायरी आपल्या मुलखाची. अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो. 'डोळा'चा 'डोया', 'शाळा'ची 'शाया'. 'पाणी'चे 'पानी' तर सर्रास. मूल घरी जे ऐकते तेच वहीत उतरवते. भिली बोलींत काही ठिकाणी 'स'चा 'ह' होतो. आपल्या जिल्ह्यात पावरी, मावची, देहवाली, नोयरी अशा किती बोली आहेत! ग्रिअर्सन साहेबांनी १९०७ साली छापलेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या खंडात भिली आणि खानदेशी यांना एकत्र जागा दिली, त्यांचे नमुने नोंदले. असले ध्वनिबदल लहरीने होत नाहीत, ते नियमाने होतात. आणि जे नियमाने होते ते यंत्राला शिकवता येते. पुण्यात बसलेल्या माणसाला 'शाया' ही चूक वाटेल, पण धडगावच्या किंवा नंदुरबारच्या शिक्षकाला तो नियम वाटला पाहिजे.

अशा खुणा कोशातल्या प्रत्येक शब्दाला आधीच लावून ठेवतात. तुम्ही मोबाइलवर एखादा शब्द चुकीचा टाकला, की यंत्र तुमच्या शब्दाचीही खूण काढते, त्या खणात डोकावते आणि 'तुम्हाला हा शब्द हवा आहे का?' असे विचारते. पण एका खणात दहा शब्द असले तर पहिला कोणता दाखवायचा? इथे दुसरी एक मोजणी मदतीला येते. फ्रेडरिक डॅमेरॉ या अमेरिकन संशोधकाने १९६४ साली शब्दांतल्या चुका तपासल्या. त्याला आढळले की दर दहापैकी आठांहून अधिक चुका चारच तऱ्हांच्या असतात : एक अक्षर जास्त पडते, एक गळते, एक बदलते, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल होते. १९६५ साली रशियातील व्लादिमीर लेव्हेनश्टाइन याने एका शब्दापासून दुसरा करायला किती फेरफार लागतात, यावरून शब्दांतले 'अंतर' मोजायची रीत मांडली. ध्वनीची खूण कानाचे काम करते आणि हे अंतर डोळ्याचे. दोघांची साक्ष घेऊन, शिवाय लोक कोणता शब्द जास्त वापरतात ते पाहून, यंत्र सूचना लावते.

नुसत्या डोळ्यावर का विसंबू नये, हे सुरुवातीच्या गोष्टीवरूनच कळेल. 'धरावे' आणि 'मारावे' यांतले लेखी अंतर अवघ्या दोन फेरफारांचे : 'ध'च्या जागी 'म' आणि वर एक काना. डोळा म्हणेल, जवळचेच शब्द आहेत. कान म्हणेल, छे, हे निराळे. पण नुसत्या कानावरही विसंबून चालत नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'मन' आणि 'मण' यांतला फरक तर बाजारात प्रत्येकाला कळतो. आपल्या पायऱ्यांनी या सगळ्या जोड्या एकेका खणात जाऊन पडतील. खण जितका मोठा, तितकी हरवलेली माणसे सापडतील, आणि तितकी परकी माणसेही आत शिरतील.

हा प्रश्न नुसत्या शब्दांचा असता तर हसून सोडून दिला असता. पण तो माणसांचा आहे. आणि योगायोग असा, की त्याची एक मोठी कसोटी आपल्याच जिल्ह्यापासून सुरू झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देशातले पहिले आधार क्रमांक आदिवासी गावकऱ्यांना देण्यात आले. बारा आकडी क्रमांक. आकड्याला ऱ्हस्व-दीर्घ नसते, म्हणून लोकांना वाटले, आता नावाची कटकट संपली. पण क्रमांकाच्या शेजारी नाव राहिलेच. बँक नाव विचारते, शाळा नाव विचारते, सातबारा नावावरच असतो, वनहक्काचा दावाही नावानेच करावा लागतो. आधारची आखणी करणाऱ्यांनाही हे दिसत होते. म्हणून पडताळणीच्या सुरुवातीच्या तांत्रिक आराखड्यात भारतीय भाषेतले नाव उच्चारसाम्याने जुळवण्याची आणि ते किती टक्के जुळले तर चालेल हे ठरवण्याची सोय ठेवलेली होती. रसेलचा विचार शंभर वर्षांनी आपल्या मुलखात आला तो असा.

आता समजा, धडगावच्या डोंगरातला एक शेतकरी आहे. शिधापत्रिकेवर तो 'पावरा', दाव्याच्या कागदावर 'पावरे'. यंत्र नुसत्या अक्षरांवर चालले तर म्हणेल, हे दोघे वेगळे, याचा हक्क नाही. हा अन्याय. यंत्र ध्वनीवर चालले आणि त्याने परस्पर ठरवून टाकले की एक खूण म्हणजे एक माणूस, तर त्याच पाड्यावरच्या त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची जमीन याच्या नावे लागेल. आपल्याकडे एका पाड्यावर एकाच आडनावाची चाळीस घरे असतात, हे विसरू नका. तोही अन्यायच. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे : ध्वनीच्या खुणेने सुचवावे, ठरवू नये. 'हा तोच माणूस असू शकेल, विचारून पाहा,' असे यंत्राने म्हणावे. मग जबाबदार माणसाने त्याला समोर बोलवावे, बापाचे नाव, गाव, पाडा विचारावा, आणि मगच शिक्का मारावा. १९३५ नंतर त्या अमेरिकन म्हाताऱ्यांचेही असेच होते. खूण कार्डापर्यंत नेई. कार्डावरचे घर, आईबाप, भावंडे पाहून माणूस पटे.

शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. गावात नाव पहिल्यांदा कागदावर येते ते पुष्कळदा तुमच्याच हातून, शाळेच्या पटावर. ते लिहिण्यापूर्वी आईबापांना दोनदा म्हणायला सांगा. त्यांची बोली तुम्हाला परकी असेल तर वर्गातल्या मोठ्या मुलाला विचारा. लिहिले की त्यांना वाचून दाखवा. आणि मूल 'शाया' लिहून आले तर 'शाळा' जरूर शिकवा. पण लाल शाईने खोडण्यापूर्वी तशा चुकांची एक वही ठेवा. कोणत्या बोलीचे मूल कोणत्या अक्षराच्या जागी कोणते लिहिते, याची दहा शाळांची टिपणे जमली, तर नंदुरबारच्या कानाची जी पद्धत बांधायची आहे तिचे सामान त्यातच मिळेल. ती बाहेरच्या कोणाला बांधता यायची नाही.

आणि वाचकहो, तुम्ही स्वतः एवढे करा. आज घरातले सगळे कागद काढा आणि आपले नाव सगळीकडे सारखे आहे का ते पाहा. नसेल तर लाजू नका. तुम्ही नाव बरोबरच सांगितले होते.